पाय उचलला आणि सुकाणू मेलं (बर्फावरची पंख्याची होडी)

लेथवाला_बापू (सांगली) | २ मार्च, रात्री १०:४०

मंडळी, हा धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून 'वाहने' मध्ये टाकतोय. होडी आहे पण पाण्यात नव्हती, आणि गाडी म्हणावी तर चाकं नाहीत. संपादकांना योग्य वाटेल तिकडं हलवावा.

कुपवाडला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तीन वर्षं "मामा या, मामा या" करत होता. यंदा जानेवारीच्या अखेरीस गेलो आणि परवा परत आलो, बरगडीला पट्टा बांधून.

त्याच्या गावाजवळ विनेबेगो नावाचं तळं आहे. तळं कसलं, तीस मैल लांब आणि दहा मैल रुंद. आपला कोयनेचा शिवसागर त्यात चार वेळा मावेल. आणि खोली? जास्तीत जास्त एकवीस फूट. आमच्या मळ्यातली विहीर त्याच्या दुप्पट खोल आहे. हिवाळ्यात हे सगळं वरून गोठतं आणि लोक त्याच्यावर मोटारी घालतात. खोटं नाही सांगत, बर्फावर रस्ते आखलेले असतात. नाताळ संपल्यावर लोकांनी टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं ओळीनं बर्फात रोवून ठेवतात, धुक्यात रस्ता चुकू नये म्हणून. भेग पडली की तिथले क्लबवाले तिच्यावर लोखंडी पूल टाकतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारपासून तिथं स्टर्जन नावाच्या माशाची शिकार सुरू होते. करवतीनं बर्फाला चौकोनी खिडकी पाडायची, वर लाकडी खोपटं ठेवायचं, आत अंधार करायचा आणि हातात भाला घेऊन पाण्यात टक लावून बसायचं. मासा माणसाएवढा. बसणारे दिवसच्या दिवस बसतात आणि रिकाम्या हातानं घरी जातात. मला आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली गळ टाकून बसणारे आठवले.

तर भाच्याच्या शेजाऱ्याकडं एक छोटी एअरबोट आहे, घरी बनवलेली. बारा फुटी ॲल्युमिनियमचा सपाट तळ, त्याला खालून गुळगुळीत प्लास्टिकचा जाड पत्रा ठोकलेला. मागं ३५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, त्याला विमानासारखा पंखा, पंख्याभोवती जाळी. पंख्याच्या मागं दोन उभी फळकुटं, हेच सुकाणू. चालवणारा उंच खुर्चीवर, उजव्या पायाखाली रेस, डाव्या हाताशी एक उभा दांडा. दांडा पुढं ढकलला की होडी उजवीकडं, मागं ओढला की डावीकडं. ब्रेक नाही. रिव्हर्स नाही. पाणी, बर्फ, चिखल, गवत, सगळीकडं चालते. बर्फ पातळ असेल तर फुटून खाली पाण्यात तरंगते आणि परत वर चढते, म्हणून तिथले बचाव पथकवालेही असल्याच होड्या वापरतात.

शेजारी म्हणाला चालवून बघा. इंजिनातच जन्म गेलेल्या माणसाला असं म्हटल्यावर तो नाही म्हणेल का?

पहिली वीस मिनिटं झकास गेली. बर्फावर चार बोटं भुसभुशीत हिम होतं, त्यात होडी दमानं चालायची, वळायची, पाय सैल केला की आपोआप थांबायची. मला वाटलं, जमलं. मग एक पट्टा लागला, वाऱ्यानं झाडून काढल्यासारखा स्वच्छ. काळसर, काचेसारखा बर्फ. दुपारचं ऊन पडलं होतं, वर पाण्याचा ओलावा चमकत होता. तिथं गेल्यावर रेस न वाढवता वेग वाढला. समोर दोनेकशे मीटरवर खोपट्यांची रांग आणि उभ्या मोटारी. मी पाय उचलला.

तिथंच संपलं. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला आणि हातातला दांडा निव्वळ दांडा झाला. हलवतोय तर कुणी ऐकतच नाही. होडी तशीच सरळ निघाली आहे, आवाज न करता. तो आवाज नसणं फार वाईट. पुढच्या सीटवरून भाचा काहीतरी ओरडतोय, कानाला मफ असल्यानं कळत नाही. मग नाक हळूहळू फिरायला लागलं, समोर खोपटी होती तिथं मोकळं आभाळ आलं, मग किनाऱ्यावरची झाडं आली, आणि आम्ही आडवे घसरत होतो. पुढं बर्फाच्या दोन पाट्या एकमेकीवर चढून वीतभर उंच वरंबा झाला होता. त्याला उजवी कड धडकली. होडी एका कडेवर उभी राहिली. अर्धा सेकंद असेल, पण मला खालचा बर्फ डोक्याच्या बाजूला दिसला. मग परत धपकन खाली बसली. दांडा बरगडीत घुसला होता.

माणसं शाबूत. पंख्याची जाळी वाकली, एका पात्याचं टोक चिरलं.

आता मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. इंजिन चालू, सुकाणू जाग्यावर, तारा शाबूत (नंतर मी स्वतः तपासल्या), दांडा हातात. मग होडी ऐकेना का? जाणकारांनी सांगावं.

---

हळदीचं_पेव | २ मार्च, रात्री १०:५८

बापू, आधी बरगडी कशी आहे ते सांगा, सुकाणू नंतर. क्ष-किरण काढले का? आणि वहिनींना हे सगळं ठाऊक आहे का?

लेथवाला_बापू | २ मार्च, रात्री ११:०५

काढले, मोडलेली नाही, मुका मार आहे. हिला "बर्फात घसरून पडलो" एवढंच सांगितलंय. त्यात खोटं काय आहे?

वेण्णाकाठ (महाबळेश्वर) | ३ मार्च, सकाळी ७:३०

बर्फ बघायला विस्कॉन्सिनला कशाला जायचं? आमच्याकडं वेण्णा लेकच्या जेट्टीवर दर हिवाळ्यात पडतो की. पेपरात फोटोसकट येतं.

अजिंक्यतारा_माजी_सैनिक (सातारा) | ३ मार्च, सकाळी ७:४४

मोटारीच्या टपावरून बोटानं खरवडून मूठभर गोळा करतात आणि फोटोला धरतात, तोच ना?

वेण्णाकाठ | ३ मार्च, सकाळी ७:४६

दवबिंदू गोठतात हो. बर्फच तो. मूठभर असला म्हणून काय झालं.

मास्तर_मिरज | ३ मार्च, सायंकाळी ६:१२

बापू, पेपर तपासायचे होते ते बाजूला ठेवून लिहितोय, त्यामुळे जरा लांबेल.

पाण्यातल्या होडीचं सुकाणू पाण्यात असतं. इंजिन बंद पडलं तरी होडी पुढे जात असते, पाणी सुकाणूवरून वाहत असतं, म्हणून होडी वळते. तुमचं सुकाणू हवेत उभं आहे. हवा पाण्यापेक्षा आठशे पट विरळ. तिच्याकडून काम करून घ्यायचं तर ती जोरात वाहायला हवी, आणि ते काम पंखा करतो. अंदाजानं धरा, तुमच्या पंख्याची हवा मागे ताशी शंभर किलोमीटरनं फेकली जात होती. पाय उचलल्यावर उरला फक्त होडीच्या वेगामुळे लागणारा वारा, धरा ताशी चाळीस. जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. चाळीस भागिले शंभर, त्याचा वर्ग, म्हणजे ०.१६. सुकाणूची ताकद एका क्षणात सहाव्या हिश्श्यावर आली. त्यात मंद फिरणारा पंखा आणि जाळी तो वाराही अडवतात. दांडा 'ऐकेना' वाटला तो म्हणूनच. यंत्रात काही बिघडलं नव्हतं.

दुसरा भाग थांबण्याचा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर नऊ मीटरमध्ये गाडी उभी राहते. ओल्या बर्फावर प्लास्टिक घसरताना ०.०५ धरू, तेही उदार होऊन. अंतर येतं १२६ मीटर. ०.०३ धरलं तर २१० मीटर. खोपटी दोनशे मीटरवर होती म्हणालात.

आता गंमत बघा. तुमच्या पंख्याचा रेटा ६० किलो धरा, होडी आणि तुम्ही दोघं मिळून ३५० किलो. होडी गर्रकन उलटी फिरवून, म्हणजे पंख्याचं तोंड जाण्याच्या दिशेला करून, पूर्ण रेस दिली असती तर २८ मीटरमध्ये थांबला असता. म्हणजे या वाहनाचा ब्रेक रेसमध्येच आहे. ज्या पेडलवरून तुम्ही पाय काढलात त्याच पेडलमध्ये.

वळण्याचंही तेच. मोटार वळते कारण टायर रस्त्याला आडवं धरतात. इथं आडवं धरणारं काही नाहीच. नाक वळलं म्हणजे होडी वळली असं नव्हे. नाक आत घ्यायचं आणि पंख्यानं स्वतःला त्या बाजूला ढकलत राहायचं. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला हे जास्त जवळचं आहे, आपल्या एसटीला कमी.

अवांतर: बर्फ का निसरडा असतो याचं "दाबानं वितळतो" हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. पण स्केटच्या पातळ पात्याच्या दाबानंसुद्धा वितळणबिंदू फार तर एक-दोन अंशांनी खाली येतो, आणि स्केटिंग तर उणे सातला उत्तम चालतं. सपाट तळाच्या होडीचा दाब म्हणजे काहीच नाही. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंसारखे घट्ट जखडलेले नसतात, वरचा थर शून्याखालीही ढिला असतो, आणि घासल्याची ऊब त्यात भर घालते. शून्याच्या जवळ, ऊन पडलेलं असताना, हा थर सर्वांत वाईट. तुमची वेळ नेमकी तीच होती.

हळदीचं_पेव | ३ मार्च, सायंकाळी ६:४०

मास्तर, शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते.

सातारकर_मिनेसोटा | ३ मार्च, रात्री ९:०२ (भारतातली वेळ)

मूळचा कोरेगावचा, गेली अकरा वर्षं मिनेसोटात. मास्तरांचं गणित बरोबर आहे, पण इथं बर्फावर वावरणारे लोक हे गणित करत नाहीत, त्यांच्या अंगात काही सवयी असतात. बापूंना कुणी त्या सांगितल्या नाहीत असं दिसतंय, आणि त्याचा मला जास्त राग आहे.

पहिली सवय, हिम आणि उघडा बर्फ यांच्यातली रेघ लांबून ओळखायची. पांढरं म्हणजे पाय ठेवायला जागा, काळं म्हणजे काच. काळ्यावर जायच्या आधी वेग उतरवायचा, गेल्यावर नाही. दुसरी, थांबायचं असेल तर हिम असलेल्या पट्ट्याकडं नाक करायचं, तोच ब्रेक. तिसरी, पाय 'उचलायचा' नाही, 'कमी' करायचा. पंखा थोडा तरी फिरता ठेवायचा. चौथी, आडवं घसरायला लागलं की वरंबे, भेगा, गोठलेले पायाचे ठसे, सगळे वैरी. सरळ जाताना ज्याच्यावरून तळ उडी मारून जातो त्यालाच आडवं जाताना कड अडकते. इंजिन उंच, माणूस त्याहून उंच, आणि खालून कुणी पाय ओढल्यासारखं होतं. बापू नशीबवान.

आणि बर्फाच्या जाडीबद्दल कुणी इथं काही विचारलं नाही, पण सांगतो. स्वच्छ, काळसर बर्फ चार इंच असेल तर माणसानं चालावं. मोटारीला आठ ते बारा इंच लागतात. पांढरा, दुधाळ बर्फ निम्म्याच ताकदीचा धरायचा. पाण्यात पडलात तर इथं एक-दहा-एक शिकवतात. पहिलं एक मिनिट श्वास आवरायला, कारण गार पाण्याच्या धक्क्यानं धाप लागते आणि तेवढ्यात तोंडात पाणी गेलं की संपलं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यात बाहेर यायचं. मग साधारण एक तास शुद्ध टिकते. म्हणजे थंडीनं लगेच मरत नाही माणूस, घाबरून मरतो. गळ्यात दोरीला दोन टोचे असतात, ते बर्फात रोवून सरपटत बाहेर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. तुमच्या गळ्यात टोचे होते का? अंगात तरंगणारा सूट होता का?

लेथवाला_बापू | ३ मार्च, रात्री ९:३०

सूट होता, नारिंगी, मी त्यात गणपतीच्या मिरवणुकीतल्या सोंगासारखा दिसत होतो. टोचे होते गळ्यात. मी विचारलं होतं हे कशाला, तर भाचा म्हणाला "असू द्या". बर्फ दीड फूट होता, त्याची भीती नव्हती. पण सूचना कुणी नीट दिल्या नाहीत हे खरं. शेजारी गडबडीत होता.

अजिंक्यतारा_माजी_सैनिक | ४ मार्च, सकाळी ६:२०

लडाखमध्ये पँगाँगच्या काठी दोन हिवाळे काढलेत. चौदा हजार फुटांच्या आसपास, खारं पाणी, तरी गोठतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच गोठलेल्या तळ्यावर अर्धमॅरेथॉन झाली, एकवीस किलोमीटर. आम्ही तिथं पायी असायचो, एकामागं एक, मध्ये अंतर ठेवून. बर्फ रात्री बोलतो. तोफ डागल्यासारखा आवाज येतो, भेग एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत पळते. नवीन पोरं पहिल्या रात्री उठून बसायची.

गाडीबद्दल एकच सांगतो. आमचा ड्रायव्हर, खटाव तालुक्यातला, पहिल्यांदा बर्फावर ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी फिरून तोंड लेहकडं करून उभी राहिली. नंतर तो म्हणाला, "साहेब, खंबाटकीत पहिल्या पावसात असंच होतंय, फक्त तिथं शिव्या द्यायला मागं माणूस असतंय."

सांगलवाडी_होडी | ४ मार्च, दुपारी १:१५

बापू, लई भारी लिवलंय. आमी कृष्णेत होड्यांच्या शर्यती मारणारी माणसं. मागं बसणाऱ्याच्या हातात वल्हं असतंय, त्योच सुकाणू. आमचा म्हातारा एकच सांगायचा, पुढची माणसं वल्हवायची थांबली की मागचा कामातनं गेला. पाण्याच्या येगानं होडी जात असली तर तुमचं वल्हं बी पाण्यासंगट जातंय, धरणार कशाला? पुराच्या पाण्यात होडी सोडून दिली की ती वळत न्हाई, नदीपेक्षा जोरात वल्हवलं तरच वळती. तुमचं बी त्येच झालं. फकस्त तुमच्या होडीत वल्हवणारा पंखा हुता.

मास्तर_मिरज | ४ मार्च, दुपारी १:५०

सांगलवाडीकर, मी तीन परिच्छेदांत लिहिलं ते तुम्ही तीन ओळींत सांगितलं.

विस्कॉन्सिनचा_भाचा | ५ मार्च, सकाळी ८:०५

नमस्कार. आईनं लिंक पाठवली, म्हणून खास आयडी काढलाय. मामा, रागावू नका, पण दोन गोष्टी तुम्ही गाळल्यात.

एक. सूचना दिल्या नाहीत हे बरोबर नाही. शेजाऱ्यानं निघायच्या आधी तीन वेळा सांगितलं होतं की काहीही झालं तरी पाय पूर्ण काढू नका. मी मराठीतून परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मला इंजिन शिकवू नकोस."

दोन. मी जे ओरडत होतो ते "मामा, रेस द्या!" असं होतं. आणि ते तुम्हाला ऐकू गेलं. कारण त्यानंतर तुम्ही रेस दिलीत, पूर्ण. फक्त तोपर्यंत तुम्ही दांडा छातीपाशी ओढून धरला होता, दोन्ही हातांनी. नाक 'हळूहळू' फिरलं नाही, गर्रकन डावीकडं फिरलं. आडवे झालो ते त्यामुळं. मी मागं वळून बघितलं तर तुमचे डोळे मिटलेले.

आणि ख्रिसमसच्या झाडाचं लिहिलंच नाहीत. वरंब्यावरून खाली बसल्यावर मागचा भाग फिरून रस्त्याच्या खुणेच्या झाडावर गेला. पात्याचं टोक त्यानं चिरलं, बर्फानं नाही. जाळीतून फांद्या काढायला आम्हाला अर्धा तास लागला.

हळदीचं_पेव | ५ मार्च, सकाळी ८:२०

आता धाग्यात जीव आला. बसते चहा घेऊन.

वेण्णाकाठ | ५ मार्च, सकाळी ८:३१

बापू, डोळे मिटून बर्फ कसा दिसला हो डोक्याच्या बाजूला?

लेथवाला_बापू | ५ मार्च, रात्री ११:२०

दिवसभर उत्तर द्यायचं टाळलं. पोरगा खरं बोलतोय.

दांडा का ओढला त्याचा विचार करत होतो. लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडी हाकलीय. बैल उधळले की दुसरं काही सुचत नाही, कासरा खेचायचा, दोन्ही हातांनी, पाठ मागं टाकून. पाय मोटरसायकलचा, हात बैलगाडीचे. पायानं रेस सोडली, हातानं कासरा ओढला. दोन्ही सवयी आपल्या जागी सोळा आणे बरोबर आहेत, चाळीस वर्षं त्यांनीच वाचवलंय. होडीला काय ठाऊक मी सांगलीचा आहे. तिला एवढंच कळलं की दांडा मागं आहे, म्हणजे डावीकडं, आणि आता रेस आली, म्हणजे लगेच डावीकडं.

"इंजिन शिकवू नकोस" हेही म्हणालो होतो. झाडाचं लिहायची लाज वाटली. पाच फुटी वाळकं झाड, त्याला एका फांदीवर चकचकीत कागदाची चांदणी अजून लटकत होती.

डोळे उघडले ते कडेवर उभं राहिल्यावर. ते मात्र दिसलं.

सातारकर_मिनेसोटा | ६ मार्च, सकाळी ७:४०

भाचेबुवा, शेजाऱ्याबद्दलचा राग मागं घेतो. पण एक विचारतो, नवशिक्याला काळ्या बर्फाच्या पट्ट्याकडं जाऊ का दिलंत? पुढं तुम्ही बसला होता.

विस्कॉन्सिनचा_भाचा | ६ मार्च, सकाळी ८:१०

मान्य. मी फोनवर व्हिडिओ घेत होतो. व्हिडिओत नुसतं माझं बोट आणि आभाळ आलंय.

कुपवाड_वेल्डिंग | ६ मार्च, रात्री ९:१५

बापू, मी तुमच्याच गल्लीच्या मागं आहे. माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतोय. अशी होडी आपण इथं का बनवू नये? बर्फासाठी नाही, पुरासाठी. २०१९ ला आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी पंचेचाळीस. रबरी बोटींचे पंखे पाण्याखाली, त्यात ऊस अडकतो, द्राक्षाच्या मांडवाच्या तारा अडकतात, साड्या, गोणपाट, काय काय. एअरबोटीला खाली काहीच नाही. उसाच्या फडावरून सपाट निघून जाईल. तळाला प्लास्टिकचा पत्रा, मारुतीचं जुनं इंजिन, लाकडी पंखा. मी बॉडी करतो, शाफ्ट तुम्ही करा.

शिवाय ही काही नवी विद्या नाही. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १९०५ मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियाला पंख्याची बोट केली होती, नाव ठेवलं होतं 'अग्ली डकलिंग'. रशियात हेलिकॉप्टरवाल्या सिकॉर्स्कीनं तरुणपणी पंख्याच्या घसरगाड्या बनवल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी जमलं ते कुपवाडला का जमू नये?

सांगलवाडी_होडी | ६ मार्च, रात्री ९:५०

भावा, जमंल तुला, पर कुठं चालवशील? २०१९ ला मी पाच दिस होडीवर हुतो. गावभागात, खणभागात गल्ली किती रुंद? वर लाईटच्या तारा हाताला लागत हुत्या, पाणी तेवढं वर. तुझा पंखा, त्याची जाळी, वर उंच खुर्ची, तारंत गेलं की झालं. ब्रेक न्हाई, रिव्हर्स न्हाई. गच्चीला टेकवून म्हातारी उतरवून घ्यायची तर होडी इंच इंच हलवाय लागती. आणि तो वारा? मागच्या घरातली माणसं पत्र्यावर बसलेली असत्यात, त्यांच्यावर पाणी न् कचरा उडवणार तू. आवाजात कोण हाक मारतंय त्ये बी ऐकू येणार न्हाई. आमी रात्री इंजिन बंद करून कान लावून बसायचो, कुठनं आवाज येतोय म्हणून.

त्याच पुरात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं बुडाली त्ये इसरू नका. होडी कसली बी असू दे, आधी माणसं किती चढली त्ये मोजा.

कुपवाड_वेल्डिंग | ६ मार्च, रात्री १०:१०

गल्लीसाठी नाहीच म्हणत. शिवारासाठी, मळ्यातल्या वस्त्यांसाठी म्हणतोय. तिथं तारा कमी.

सांगलवाडी_होडी | ६ मार्च, रात्री १०:१४

शिवारात शेतीपंपाच्या तारा हायत की. पर मळ्याचं म्हणतोस त्ये खरं हाय. उसात आमची होडी दोन तास अडकली हुती, दोघांनी पाण्यात उतरून पंखा मोकळा केला.

सातारकर_मिनेसोटा | ७ मार्च, सकाळी ७:१५

दोघंही बरोबर. सुपीरियर सरोवरात मॅडलिन नावाचं बेट आहे. उन्हाळ्यात फेरी, भर हिवाळ्यात बर्फावरून मोटारी. पण मधले जे दिवस असतात, बोटीला बर्फ जाड आणि मोटारीला पातळ, तेव्हा तिथं पंख्याची मोठी घसरगाडी चालते, शाळेची मुलंसुद्धा तिच्यातून जातात. म्हणजे दुसरं काहीच चालत नाही तिथंच ही चालवायची. उसाचा फड तशी जागा असेल, मारुती चौक नाही.

मास्तर_मिरज | ७ मार्च, सायंकाळी ७:००

वेल्डिंगवाले, एक सूचना. पाण्यावर घर्षण बर्फापेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे पाय उचलला तर होडी लवकर थांबेल, बापूंसारखं होणार नाही. पण ओल्या गाळावर आणि लोळलेल्या ओल्या उसावर काय होईल ते आधी रिकाम्या शेतात बघा. आपल्या काळ्या मातीच्या गाळावर म्हशीसुद्धा घसरतात.

लेथवाला_बापू | ९ मार्च, रात्री १०:३०

शाफ्ट करून देईन, पण आधी माझं एक ऐका. मी गेले तीन दिवस पेडलचा विचार करतोय.

त्या होडीच्या पेडलला एकच स्प्रिंग आहे. पाय सोडला की थेट शून्य. मधे कुठंही पायाला कळत नाही की आता सुकाणू मरायच्या बेतात आहे. मी दुसरी स्प्रिंग बसवायचा विचार करतोय, पण उलटी. पेडल वर येताना शेवटच्या बोटभर अंतरात पायाला एक पायरी लागली पाहिजे. त्या पायरीवर पंखा एवढा फिरेल की सुकाणू जिवंत राहील. पूर्ण शून्य करायचं तर पाय मुद्दाम बाजूला घेऊन चापातून सोडवायचा. म्हणजे घाबरून उचललेला पाय पायरीवरच थांबेल, पेडल तिथंच राहील.

मास्तर_मिरज | ९ मार्च, रात्री १०:४५

म्हणजे घाबरलेल्या माणसाची होडी पुढे ढकललीच जाणार. माणूस खुर्चीतून फेकला गेला तर?

लेथवाला_बापू | ९ मार्च, रात्री १०:५२

त्याच्यासाठी मनगटाला दोरी आहे, ओढली गेली की इंजिन बंद. ती होती आधीपासून. त्या दिवशी मी खुर्चीतच होतो म्हणून ती ओढली गेली नाही.

सातारकर_मिनेसोटा | १० मार्च, सकाळी ७:०५

कल्पना चांगली आहे, पण आधी होडी खुंट्याला बांधून बघा. त्या पायरीवर रेटा किती येतो ते काट्यावर मोजा. दहा-बारा किलोच्या वर गेला तर उघड्या बर्फावर ती थांबणारच नाही, चालतच राहील.

लेथवाला_बापू | १० मार्च, रात्री ९:४०

हे पटलं. काटा लावून मोजायचं. भाच्या, पेडलच्या पिनेचा व्यास आणि पेडलची एकूण चाल मोजून कळव. व्हर्निअरनं मोज, पट्टीनं नको. जुनी स्प्रिंग किती गुंडाळ्यांची आहे तेही. शेजाऱ्याला विचार, पात्याचे पैसे मी देणार म्हणालो होतो त्याचं काय झालं.

हळदीचं_पेव | १० मार्च, रात्री ९:५५

आणि वहिनींना?

लेथवाला_बापू | १० मार्च, रात्री १०:०१

बहिणीनं लिंक भाच्याला पाठवली तेव्हाच हिलाही पाठवली होती. पाच तारखेपासून घरात मला 'कासरा' म्हणतात.

विस्कॉन्सिनचा_भाचा | १४ मार्च, सकाळी ८:३०

मामा, पिन ८ मिमी, चाल ६२ मिमी, स्प्रिंग अकरा गुंडाळ्यांची. व्हर्निअर नव्हता, शेजाऱ्याकडून आणला. पात्याचे पैसे नको म्हणाला, टोक त्यानंच इपॉक्सीनं भरलंय. पण बर्फाच्या कडा सुटायला लागल्यात, क्लबवाल्यांनी झाडं आणि पूल उचलून नेले. होडी त्यानं शेडमध्ये टाकलीय. खुंट्याला बांधून मोजायचं तर आता डिसेंबरलाच. की गवतावर मोजलं तर चालेल?

लेथवाला_बापू | १४ मार्च, सकाळी ९:१०

चालेल. उभ्या होडीचाच रेटा मोजायचा आहे, गवत असो की बर्फ. मागची गाठ लांब बांध, पंख्याच्या मागं उभा राहू नकोस. आणि अकरा गुंडाळ्यांची म्हणतोस, पण तार किती जाडीची ते लिहिलं नाहीस.